‘लोकमान्य’ ही उपाधी कोणी दिली? प्रश्न काढणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
स्पर्धा परीक्षांसाठी इतिहासाचे प्रश्न काढणारे आणि उत्तरतालिका ठरवणारे सर्व तज्ज्ञ

स. न. वि. वि.

‘बाळ गंगाधर टिळक यांना ‘लोकमान्य’ ही उपाधी कोणी दिली?’ असा प्रश्न नुकताच एका भरती परीक्षेत आला. खाली चार पर्याय होते आणि चारही पर्याय म्हणजे पुढाऱ्यांची नावं. ‘लोकांनी’ असा पर्याय नव्हता. ‘यांपैकी नाही’ हाही नव्हता. मुलांनी हरकती घेतल्या, पुस्तकांची पानं स्कॅन करून जोडली, प्रत्येक हरकतीचं शुल्क भरलं. अंतिम उत्तरतालिका लागली तेव्हा आधीचंच उत्तर कायम होतं, प्रश्न रद्दही झालेला नव्हता. ती परीक्षा कोणती आणि कोणत्या मंडळाची, हे मी मुद्दाम लिहीत नाही. असे प्रश्न तलाठी भरतीत येतात, पोलीस भरतीत येतात, शिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या परीक्षांतही येतात. एका मंडळाकडे बोट दाखवून हा विषय मिटणार नाही, म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना आहे.

मी पुण्यात नवी पेठेत या परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींना आधुनिक भारताचा इतिहास शिकवते. बीड, नांदेड, यवतमाळ, धुळे अशा ठिकाणांहून ही मुलं येतात. चौघांत एक खोली, महिन्याची मेस आणि अभ्यासिकेतली एक खुर्ची, एवढ्यावर त्यांची ऐन उमेदीची वर्षं जातात. संध्याकाळी शास्त्री रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी उभं राहिलं की कट ऑफचीच चर्चा कानावर येते. कोणाची यादी अर्ध्या गुणानं हुकली, कोणाची पाऊण गुणानं. चुकीच्या उत्तराचे गुण जिथे वजा होतात, तिथे ज्याला विषय समजलेला आहे तो असा प्रश्न घाबरून सोडून देतो आणि ज्यानं गाइडमधली ओळ पाठ केलेली आहे तो पुढे जातो. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं टिळकांचं चरित्र मन लावून वाचलं होतं. तिनं हा प्रश्न सोडला. तिच्या शेजारी बसणाऱ्यानं वन लायनरच्या पुस्तकातलं नाव टिकमार्क केलं आणि त्याला गुण मिळाले. त्या मुलाचा यात काही दोष नाही.

हे पत्र लिहिण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते माझ्या वर्गातलं आहे. ‘मॅडम, खरं काय ते नंतर सांगा, उत्तरतालिकेत काय धरतात ते आधी सांगा,’ असं मुलं आता उघड म्हणतात. त्यांना दोन उत्तरं द्यावी लागतात, एक परीक्षेपुरतं आणि एक खरं. इतिहास शिकवणाऱ्या माणसानं हे किती दिवस चालवून घ्यायचं?

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते. आपल्या स्वातंत्र्यलढ्यातली बहुतेक बिरुदं लोकांनी दिलेली आहेत. एखादा सत्याग्रह, एखादा तुरुंगवास, एखादा खटला यांतून ती निघाली आणि माणसांच्या तोंडी रुळली. तुमचा प्रश्न मात्र प्रत्येक बिरुदाला एक देणारा हवाच असं धरून चालतो. देणारा सापडला नाही की एखाद्या मोठ्या माणसाचं नाव तिथे बसवलं जातं. मग एका थोर पुरुषानं दुसऱ्या थोर पुरुषाला पदवी बहाल केली असं चित्र मुलांच्या मनात उभं राहतं आणि ज्यांनी ती खरोखर दिली ते गिरणी कामगार, शेतकरी, घराघरांतल्या बाया, परमुलखातले सैनिक त्या चित्रातून पुसले जातात. पुढे हीच मुलं तलाठी, फौजदार, शिक्षक होणार आहेत. लोकांच्या हाती काय असतं हे त्यांना इतिहासातून कळायला हवं होतं.

टिळकांचंच पाहा. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १९०८ च्या जूनमध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. २२ जुलैला सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. त्यानंतर मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. शिक्षेच्या एका वर्षामागे एक दिवस, असे सहा दिवस कामगारांनी संप केला. रस्त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. त्या कामगारांतल्या बहुतेकांना ‘केसरी’ वाचता येत नव्हता, कोणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि बाकीचे ऐकायचे. ‘लोकमान्य’ कोणी केलं याचं उत्तर शोधायचं तर ते या गर्दीत शोधावं लागतं. त्याला ठरावाची तारीख नाही आणि मानपत्रावर एका माणसाची सही नाही. ज्या बिरुदाची पहिली दोन अक्षरंच देणारा कोण ते सांगतात, त्याचा देणारा म्हणून एका पुढाऱ्याचं नाव लिहायला लावणं हा त्या कामगारांवर अन्याय आहे.

याच टिळकांच्या नावापुढे गाइडमध्ये आणखी एक उपाधी छापलेली असते, ‘भारतीय असंतोषाचे जनक’. ती ‘लोकमान्य’च्या शेजारच्याच रकान्यात, जणू दोन्ही एकाच भावनेनं दिलेल्या. हे शब्द व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराचे. १९१० च्या आपल्या पुस्तकात त्यानं टिळकांवर आरोप म्हणून ते लिहिले. त्या पुस्तकातल्या मजकुराबद्दल टिळकांनी लंडनला जाऊन त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो हरले. पुढे आपल्या लोकांनी तो आरोपच भूषण म्हणून मिरवला. किती मोठी गोष्ट आहे ही, साम्राज्यानं मारलेला शिक्का लोकांनी उलटवून त्याचा मान केला. ‘कोणी म्हटले?’ एवढंच विचारून तुम्ही ती सगळी सोडून देता आणि मुलगा ‘चिरोल यांनी टिळकांचा गौरव केला’ असं समजून बाहेर पडतो. मी हे उत्तरपत्रिकांत वाचलेलं आहे.

गांधीजींच्या ‘महात्मा’ या उपाधीचा प्रश्न तर बहुतेक सगळ्या परीक्षांत फिरून फिरून येतो आणि उत्तर म्हणून रवींद्रनाथ टागोर धरले जातात. टागोरांनी तो शब्द वापरला आणि त्यांच्यामुळे तो जगभर गेला, याबद्दल वाद नाही. पण १९०९ मध्येच गांधींचे मित्र प्राणजीवन मेहता यांनी गोखल्यांना लिहिलेल्या पत्रात गांधींना महात्मा म्हटलेलं आहे. ज्यांना ते पत्र लिहिलं ते गोखले आपल्या पुण्याचे. १९१५ च्या जानेवारीत गांधीजी आफ्रिकेहून परतले, तेव्हा सौराष्ट्रात जेतपूरला आणि गोंडलला झालेल्या सत्कारांत हा शब्द वापरला गेला असं तिथले लोक सांगतात. त्याच वर्षी हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात मुन्शीराम, म्हणजे पुढचे स्वामी श्रद्धानंद, यांनी त्यांना महात्मा म्हटल्याचं सांगितलं जातं. एवढे दावे असताना एकाच नावाला गुण द्यायचे कशाच्या आधारावर? गुजरातेत राजकोटच्या तलाठी परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. पहिल्या उत्तरतालिकेत टागोर होते, अंतिम तालिकेत सौराष्ट्रातला एक अनाम पत्रकार आला आणि वाद उच्च न्यायालयात पोहोचला. एका राज्यात एवढं रामायण झाल्यावरही आपल्याकडे तोच प्रश्न तसाच काढला जातो.

सगळेच असे प्रश्न चुकीचे आहेत असं माझं म्हणणं नाही. जोतीराव फुल्यांना ‘महात्मा’ कधी म्हटलं गेलं याची नोंद आहे. ११ मे १८८८, मुंबईत मांडवीच्या कोळीवाडा सभागृहात भरलेली सभा, रावबहादूर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांच्या हस्ते झालेला सन्मान. हा प्रश्न खुशाल विचारा. पण तिथेही ‘कोणी दिली’ एवढ्यावर थांबू नका. पुण्याच्या गंज पेठेतल्या त्या माणसासाठी सभा मुंबईत का भरली? जमलेले लोक कोण होते? चाळीस वर्षं शाळा काढून, घरचा हौद अस्पृश्यांना खुला करून, शेतकऱ्याच्या बाजूनं लिहून झाल्यावर ही सभा झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभाला फुले शेतकऱ्याच्या फाटक्या वेशात गेले होते. ही दोन चित्रं शेजारी ठेवली तर मुलांना ‘महात्मा’चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आता मुळशी. या एका विषयावर मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण मुलांना आमच्या शहरातला सेनापती बापट रस्ता माहीत असतो, सेनापती बापट माहीत नसतात. ते त्याला ‘एसबी रोड’ म्हणतात. तिथली कार्यालयं आणि मॉल त्यांना ठाऊक असतात. आणि गाइडमध्ये एक ओळ असते, ‘सेनापती – पां. म. बापट’. पुढे रकाना, ‘कोणी दिली’. तिथे कुठे एक नाव, कुठे दुसरंच. मी शिकवायला घेते तेव्हा आधी नकाशा काढते. पुण्याच्या पश्चिमेला मुळा आणि निळा या नद्यांचा संगम, त्यावर टाटांच्या वीज प्रकल्पाचं धरण. वीज मुंबईच्या गिरण्यांना हवी होती आणि पाण्याखाली मावळातली सुमारे पन्नास गावं जाणार होती. भाताची खाचरं, देवळं, घरं, सगळं. १९२१ च्या रामनवमीला तिथले शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. बायका-पोरांसकट बसले. विनायकराव भुस्कुटे आणि बापट त्यांच्याबरोबर होते. बापट पारनेरचे, डेक्कन कॉलेजात शिकलेले, विलायतेत इंजिनिअरिंग शिकायला गेलेले आणि तिथून क्रांतिकारकांत ओढले गेलेले. मुळशीपायी ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. धरण झालं, गावं बुडाली. हा लढा हरलेला आहे, हे मी मुलांना स्पष्ट सांगते. आणि त्या हरलेल्या लढ्यातून ‘सेनापती’ हे बिरुद आलं. सेनेत पगारी शिपाई नव्हते, हातात बंदुका नव्हत्या, लढाई जिंकलेली नव्हती आणि तरीही मावळच्या माणसांसाठी तो सेनापती होता. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला.

धरणग्रस्तांचा प्रश्न आजही महाराष्ट्रात जिवंत आहे. ज्या तलाठ्याच्या हातून उद्या भूसंपादनाच्या नोंदी होणार, त्याला मुळशीबद्दल एक प्रश्न विचारला तर काय बिघडेल? पण त्याला फक्त जोडी लावायची आहे, ‘अ’ गटातलं बिरुद आणि ‘ब’ गटातला माणूस.

गुजरातेतल्या बारडोलीचंही तसंच. वल्लभभाईंना ‘सरदार’ कोणी म्हटलं, यावर चार नावं. १९२८ मध्ये मुंबई सरकारनं बारडोलीचा शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला, शेतकऱ्यांनी तो भरायचा नाकारला, जमिनी आणि गुरं जप्त झाली, शेवटी चौकशी बसली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. ‘सरदार’ ही हाक बारडोलीच्या बायांनी घातली असं सांगितलं जातं. तुमच्या पर्यायांत त्या बाया कधी आलेल्या मी पाहिल्या नाहीत. सुभाषबाबूंना ‘नेताजी’ म्हणायला सुरुवात झाली १९४२ मध्ये जर्मनीत, त्यांच्याभोवती जमलेल्या हिंदी सैनिकांत आणि कार्यकर्त्यांत. तिथेही उत्तर म्हणून कुणा एका मोठ्या माणसाचं नाव शोधलं जातं.

पुण्यानं दिलेलं एक बिरुद तर तुमच्या यादीत जवळजवळ नसतंच. गणेश वासुदेव जोशी, ‘सार्वजनिक काका’. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा उभी राहिली ती त्यांच्या धडपडीनं. पेशानं वकील. १८७७ च्या दिल्ली दरबारात सगळे राजेरजवाडे जरीच्या पोशाखात असताना हा माणूस हातानं कातलेल्या सुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत गेला. स्वदेशीची चळवळ देशभर व्हायला तेव्हा आणखी जवळजवळ तीस वर्षं होती. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर पुण्यात खटला चालला तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेणं म्हणजे सरकारी रोष ओढवून घेणं होतं. ते जोश्यांनी घेतलं. लोकांनी त्यांना कुठलंही संस्कृत विशेषण लावलं नाही, काका म्हटलं, सगळ्यांचे काका. घरातल्या माणसाला हाक मारावी तशी ही उपाधी आहे आणि मला ती सगळ्यांत जवळची वाटते. हे कोणी ‘दिलं’ असं विचारायचं ठरवलंत तर प्रश्न तयारच होणार नाही आणि म्हणूनच बहुधा ते परीक्षेत येत नाहीत.

दुसरी गंभीर तक्रार अशी की सरकारनं दिलेले किताब आणि लोकांनी दिलेली बिरुदं तुम्ही एकाच टोपलीत टाकता. रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर, सर हे इंग्रज सरकारचे किताब. असहकाराच्या चळवळीत ते परत करा असं काँग्रेसनं सांगितलं. १ ऑगस्ट १९२० ला, ज्या दिवशी मुंबईत टिळक गेले त्याच दिवशी, गांधीजींनी आपलं कैसर-ए-हिंद पदक परत केलं. टागोरांनी जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्येच ‘सर’ सोडलं होतं. जमनालाल बजाजांनी रायबहादूरकी टाकली. किताब परत करणं हा लढ्याचा भाग होता, हे ज्याला कळलं त्याला ‘लोकमान्य’ आणि ‘रावबहादूर’ एका रकान्यात ठेवताच येणार नाहीत.

गोखल्यांच्या नावामागचं ‘नामदार’ कायदेमंडळाच्या सभासदत्वामुळे आलेलं. १९०४ मध्ये त्यांना सीआयई हा सरकारी किताब मिळाला, पण १९१४ मध्ये देऊ केलेली ‘सर’की त्यांनी नाकारली. फर्ग्युसन रस्त्याला अधिकृत नाव त्यांचं आहे, ‘नामदार’सकट. आणि गाइडमध्ये त्यांच्यापुढे लिहिलेलं असतं, ‘भारताचा हिरा, महाराष्ट्राचे रत्न – टिळकांनी म्हटले’. उत्तर बरोबर आहे. पण हे शब्द कुठे उच्चारले गेले? फेब्रुवारी १९१५ मध्ये, गोखल्यांच्या अंत्यविधीच्या वेळी. १९०७ ला सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात ज्यांच्या वाटा फुटल्या, ज्यांनी आयुष्यभर एकमेकांच्या राजकारणाला विरोध केला, त्यांतला एक दुसऱ्याच्या चितेपुढे उभा राहून हे बोलला. आज विरोधकाबद्दल कसं बोललं जातं ते आपण रोज ऐकतो. ज्या पुण्यात हे घडलं, त्याच पुण्यात बसून मुलं ते ‘हिरा – गोखले’ असं जोडीत पाठ करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

‘राष्ट्रपिता’ची गोष्टही अशीच. ६ जुलै १९४४ ला रंगूनहून आझाद हिंद रेडिओवरून सुभाषबाबूंनी गांधीजींना राष्ट्राचे पिता म्हणून साद घातली आणि आशीर्वाद मागितले. दोनच महिने आधी गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या कैदेतून सुटले होते. तिथेच आधी त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले, मग कस्तुरबा गेल्या. १९३९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून दोघांत किती ताणलं होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या सादेचं मोल कळतं. २०१२ मध्ये लखनऊच्या एका शाळकरी मुलीनं माहितीच्या अधिकारात विचारलं की ही उपाधी देणारा सरकारी आदेश कुठे आहे. उत्तर आलं की असा आदेश नाही, आणि राज्यघटनेच्या कलम १८ प्रमाणे सैनिकी व शैक्षणिक सोडून कुठलाही किताब सरकारला देताच येत नाही. भारतरत्न आणि पद्म हे किताब नाहीत आणि नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलेलं आहे. तरी परीक्षांत ‘भारतरत्न ही पदवी’ असं छापून येतं. राज्यघटना हा विषय त्याच अभ्यासक्रमात आहे. इतिहासाचा प्रश्न काढणाऱ्यानं शेजारच्या विषयाचं हे एक कलम तरी पाहावं.

आणि बाया. तुमच्या उपाधींच्या तक्त्यात सरोजिनी नायडूंची ‘भारत कोकिळा’ सोडली तर किती बायकांची नावं असतात? पंडिता रमाबाईंना १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. देणारे कोण, कुठे, कधी, सगळी नोंद आहे. पुण्यात आर्य महिला समाज काढणारी आणि १८८९ च्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून जाणारी ही बाई. तुमच्याच निकषावर सगळ्यांत पक्का ठरणारा प्रश्न तुम्हाला दिसत नाही.

तुमच्या अडचणी मला माहीत नाहीत असं नाही. लाखो मुलं बसतात, वस्तुनिष्ठ प्रश्न हवे असतात, तपासणी यंत्रावर होते. पण त्या चौकटीतही चांगले प्रश्न निघतात. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर मुंबईत कोणत्या वर्गानं सहा दिवस संप केला? मुळशीच्या शेतकऱ्यांचा विरोध कशाला होता? वासुदेव बळवंतांचं वकीलपत्र कोणी घेतलं? यांची उत्तरं एकच आहेत, पुराव्यानं सिद्ध होणारी आहेत आणि त्यांच्यासाठी मुलाला लढा वाचावा लागतो, तक्ता नाही.

हरकतींबद्दल थोडक्यात. शुल्क भरून, पुराव्याची पानं लावून घेतलेली हरकत फेटाळताना एका ओळीचंही कारण मिळत नाही. तज्ज्ञांनी कोणतं पुस्तक प्रमाण धरलं तेही कळत नाही. ज्या मुलांना आपण पुढे सरकारी कागदावर कारण लिहून सही करायला शिकवणार, त्यांनाच कारण न देता परत पाठवायचं, हे बरोबर नाही.

म्हणून मी तुमच्याकडे एवढंच मागते.

लोकांनी दिलेल्या बिरुदाबद्दल ‘कोणी दिली’ हा प्रश्न, दिनांक आणि प्रसंगाची लेखी नोंद असल्याशिवाय काढू नये. जिथे एकापेक्षा जास्त दावे आहेत, तिथे तो पूर्ण टाळावा.

सरकारी किताब, राष्ट्रीय पुरस्कार आणि लोकांची बिरुदं एकाच जोड्या-लावाच्या प्रश्नात घालू नयेत.

बिरुदावर प्रश्न काढायचाच असेल तर तो ज्या लढ्यातून आलं त्या लढ्यावर काढावा. त्यात मुळशी, बारडोली, गिरणी कामगारांचा संप यांना जागा द्यावी आणि बायकांनाही द्यावी.

अंतिम उत्तरतालिकेबरोबर प्रत्येक वादग्रस्त प्रश्नापुढे प्रमाण धरलेलं पुस्तक आणि पान छापावं. हरकत मान्य झाली तर शुल्क परत करावं, फेटाळली तर कारण द्यावं.

आणि ज्या ‘लोकमान्य’च्या प्रश्नावरून हे पत्र लिहिलं, तो प्रश्न अजूनही रद्द करून सगळ्या उमेदवारांना समान न्याय द्यावा. निवड यादी लागायची आहे, तोवर हे करता येण्यासारखं आहे.

ज्या मुलांनी हरकती घेतल्या होत्या, त्यांनी जोडलेली पानं माझ्याकडे आहेत. तुमच्यापैकी कोणीही मागितली तर मी ती घेऊन यायला तयार आहे. दिवस आणि वेळ तुम्ही कळवा.

आपली विश्वासू,
इतिहासाची एक शिक्षिका
नवी पेठ, पुणे